सशाचे कान आधी सुकतात

कुंडीतल्या सशासमोर बसा. तारेचा सांगाडा, त्यात ठासून भरलेलं मॉस, वरून चढवलेली फायकस प्युमिलाची वेल. झारी अजून उचलू नका. ससा सगळीकडे सारखाच हिरवा दिसतोय, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका.

पाठीवर तळहात ठेवा. पानांमधून एक बोट आत जाऊ द्या. मग पोटाशी, मग कानांच्या टोकांशी. ओल वेगवेगळी लागेल. पाणी खाली उतरतं, वारा उंच आणि बारीक भाग आधी सुकवतो. पोट चिंब असताना कान कोरडे ठणठणीत असू शकतात. पानं हे फार उशिरा सांगतात. एकदा कुरकुरीत झालेली पानं पुन्हा टवटवीत होत नाहीत.

बोट तिथेच राहू द्या. श्वास सावकाश. बोटाखाली आहे ते स्फॅग्नम, थंड दलदलीतलं शेवाळ. डाळिंबाची गुटी बांधताना आपले नर्सरीवाले हेच भिजवून, पिळून फांदीभोवती गुंडाळतात. त्याच्या पानात बारीक हिरव्या पेशींच्या मधोमध मोठ्या, मेलेल्या, पोकळ पेशी असतात. त्यांना छिद्रं असतात. त्यांतून पाणी शिरतं आणि आत थांबतं, कोरड्या वजनाच्या 15-20 पट. सांगाड्यातलं मॉस तर सगळंच वाळवलेलं, तरी पाणी धरण्याचं काम सुरूच. त्या पोकळीपाशी थोडं रेंगाळा. अन्न मात्र तिथे जवळजवळ नसतं, म्हणून अधूनमधून पातळ केलेलं द्रवखत द्यावं लागतं.

मॉस पुरतं सुकलं असेल, तर वरून ओतलेलं पाणी अंगावरून नुसतं ओघळेल. ससा लहान असेल तर टबात बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत शेजारी बसा. मोजू नका. मला तरी सगळ्या निगराणीत हाच वेळ सर्वांत आवडतो.

आता बाहेर आलेला एक शेंडा बोटांत धरा. ही वेल कोवळ्या वयात लहान पानांनी चिकटून चढते. मोकळी सोडली तर वयात येते: फांद्या आधार सोडून बाहेर झेपावतात, पानं मोठी आणि जाड होतात, फळं धरतात. ससा ससा राहतो, कारण आपण वेलीला मोठं होऊ देत नाही. मुंबईच्या हँगिंग गार्डनमधले हिरवे प्राणीही (तिथे मॉस नाही, झुडपंच कापून घडवलेली) कात्रीमुळेच प्राणी आहेत. हे मनात येऊ द्या. वाईट वाटलं तर वाटू द्या, पण कात्री ठेवून देऊ नका.

कानाचा उघडा भाग झाकायला हा शेंडा हवा आहे का? हवा असेल तर इंग्रजी यू अक्षरासारख्या वाकवलेल्या तारेने ओल्या मॉसला टेकवा. पेरापाशी मुळं धरतील. नको असेल तर कापा. पांढरा चीक येईल, तो कात्रीवर वाळण्याआधी पुसा, हात धुवा, कुंडी थोडी फिरवून पुढचा शेंडा पाहा.