सात वर्षांचा टाइमआउट

माणूस गेला की घरचे रडतात. माणूस बेपत्ता झाला की रडावं की नाही, हेच त्यांना कळत नाही.

मराठी माणसाला माहीत असलेली सगळ्यात मोठी 'मिसिंग केस' पानिपतची. १४ जानेवारी १७६१. विश्वासराव पडल्यावर सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले आणि लढाईच्या गर्दीत शिरले. पुढे शिर नसलेलं एक धड त्यांचं म्हणून ओळखलं गेलं, त्याला अग्नीही दिला गेला. पुण्यात पार्वतीबाईंनी ते मानलं नाही. १७८३ मध्ये त्या वारल्या, तोवर त्यांनी वैधव्य स्वीकारलं नाही.

याला भाबडेपणा म्हणणं सोपं आहे. पण मी सर्व्हरवर काम करतो, मला ते इतकं सोपं वाटत नाही. अनेक मशीन एकत्र चालतात तेव्हा प्रत्येक मशीन ठरावीक वेळाने 'मी आहे' असा सिग्नल पाठवतं. सिग्नल थांबला, तर मशीन बंद पडलं, नेटवर्क तुटलं की नुसता उशीर होतोय, हे दुसऱ्या टोकाला बसून खात्रीने सांगता येत नाही. म्हणून आपण टाइमआउट ठेवतो. तेवढा वेळ थांबायचं आणि मग त्याचं काम दुसऱ्याकडे द्यायचं. टाइमआउटने सत्य कळत नाही, फक्त काम अडत नाही.

आपला कायदाही असाच आहे. पूर्वी शास्त्राने बारा वर्षं सांगितली होती. १८७२ च्या पुरावा कायद्याने ती सात केली आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही सातच आहेत. ज्यांना एरवी खबर लागली असती, त्यांना सात वर्षं काहीच कळलं नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. माणूस खरंच मेला आहे, असं कायदा छातीठोक सांगत नाही. पुरावा कोणी द्यायचा, एवढंच तो बदलतो.

म्हणजे प्रश्न दोन आहेत. तो आहे का? आणि आता आपण काय करायचं? पेशवाईने दुसऱ्याचं उत्तर त्याच वर्षी दिलं: माधवराव गादीवर बसले. पार्वतीबाईंनी पहिला प्रश्न उघडा ठेवला. दोघांपैकी कुणीच खोटं वागलं नाही.

उघड्या प्रश्नाची किंमत असते, हेही खरं. भाऊ म्हणवणारा तोतया १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून सुटला, लोक त्याच्यामागे गेले, बंड झालं आणि त्याच वर्षी त्याला देहदंड मिळाला. आशा असावी, पण दारात आलेल्याची ओळख तपासूनच.

अन्याय होतो तो दोन प्रश्नांची गल्लत केल्यावर. आमच्या पिपरी मेघेत उद्या एखाद्या घरचा कर्ता माणूस असा नाहीसा झाला, तर काही जण त्याच्या बायकोला म्हणतील, "आता तरी मान्य कर." काही म्हणतील, "तो परत आला तर? वावर विकू नको." पहिले तिची आशा काढून घेतात, दुसरे तिचं जगणं. सातबारा, बँक, मुलांची फी यांची कामं तिने उरकावीत आणि तरी रात्री फाटकाच्या आवाजाला दचकून उठावं. यात काहीच विसंगत नाही.

अशा घरी गेलात तर "काही पत्ता लागला का?" हे विचारू नका. लागला असता तर तुम्हाला कळलंच असतं. "काकू, तलाठ्याकडचं काम कुठवर आलं? मी येऊ का सोबत?" असं विचारा.