पद ही आपल्याकडे सोपवलेली ठेव

पद मिळाल्यावर माणसाची परीक्षा होते, असे आपण नेहमी ऐकतो. त्याहून अवघड परीक्षा पदाची मुदत संपताना होते. तेव्हा मन भराभर कारणे पुरवू लागते. ‘काम अर्धवट राहिले आहे’, ‘माझ्यामागे सांभाळणारे कोणी नाही’, ‘लोकांचाच आग्रह आहे’. यातले प्रत्येक कारण थोडेफार खरे असते. म्हणूनच आसक्ती त्याच्या आड सहज लपते.

सुमारे पन्नास वर्षांपूर्वी जबलपूरच्या एका विद्यार्थी नेत्यापुढे हा प्रश्न उभा राहिला होता. त्याने दिलेले उत्तर आजही मनन करण्याजोगे आहे.

जबलपूरचा तरुण

शरद यादव होशंगाबाद जिल्ह्यातील बाबई गावच्या शेतकरी कुटुंबातले. जबलपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ते शिकले आणि तिथल्या विद्यार्थी चळवळीत पुढे येऊन विद्यार्थी संघाचे अध्यक्ष झाले. आंदोलनांपायी त्यांनी तुरुंगवासही पाहिला. १९७४ मध्ये जबलपूरचे अनेक वर्षांचे खासदार सेठ गोविंददास यांचे निधन झाले आणि पोटनिवडणूक लागली. जयप्रकाश नारायण यांच्या पाठिंब्याने विरोधी पक्षांनी मिळून या तरुणाला उभे केले. नांगरधारी शेतकरी ही त्यांची निशाणी होती. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी ते लोकसभेत निवडून गेले.

जून १९७५ मध्ये आणीबाणी लागू झाली. ती लोकसभा १९७१ च्या मार्चमध्ये निवडली गेली होती, म्हणजे तिची पाच वर्षे मार्च १९७६ मध्ये भरत होती. आणीबाणी असताना संसदेला कायदा करून ही मुदत एका वेळी एक वर्षापर्यंत वाढवता येते. त्याप्रमाणे ती वाढवण्यात आली.

तेव्हा दोन सदस्यांनी राजीनामे दिले. एक शरद यादव आणि दुसरे मधु लिमये. लिमये पुण्यात जन्मलेले, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले, गोवामुक्तीसाठी पोर्तुगीजांच्या कैदेत राहिलेले आणि बिहारमधील बांका मतदारसंघातून निवडून आलेले. राजीनामा देताना दोघेही स्थानबद्ध होते. वृत्तपत्रांवर बंधने असल्याने वाहवा मिळण्याचीही फारशी आशा नव्हती. लोकांनी आपल्याला पाच वर्षांच्या सभागृहात पाठवले, सहाव्या वर्षासाठी नाही, एवढीच त्यांची भूमिका होती.

शरद यादवांपाशी तर राहण्यासाठी एक सोयीचे कारणही होते. ते मध्येच निवडून आलेले होते. ‘माझी स्वतःची पाच वर्षे कुठे झाली?’ असे ते म्हणू शकले असते. पण मतदारांनी त्यांना उरलेल्या काळासाठीच निवडले होते, आणि तो काळ संपला होता.

मोकळीक आणि कर्तव्य

इथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा. ते पदावर राहिले असते तर कायद्याचा भंग झाला नसता. कायदा आपल्याला काय करता येईल ते सांगतो. आपण काय करावे, हे मात्र अंतःकरणाला विचारावे लागते.

यावर एक प्रामाणिक शंका निघते. सगळ्याच चांगल्या माणसांनी पद सोडले, तर अन्यायाविरुद्ध बोलणार कोण? विरोधी पक्षांचे बहुतेक सदस्य सभागृहात राहिले. त्यांना सरसकट लोभी म्हणणे अन्यायाचे होईल. जबाबदारी टाकून पळणे हाही दोषच आहे. मग त्याग कोणता आणि पळ कोणता, हे कसे ओळखावे?

भरताचे उदाहरण इथे उपयोगी पडते. तो राज्यकारभार सोडून गेला नाही. नंदिग्रामात राहून चौदा वर्षे त्याने सर्व काही सांभाळले, पण सिंहासनावर पादुका ठेवल्या. मुदत संपली त्या दिवशी राज्य परत करण्यासाठी तो तयार होता. काम पूर्ण निष्ठेने करायचे आणि मालकी मनाला शिवू द्यायची नाही, हीच निष्काम कर्माची वाट. म्हणून कसोटी आपल्या हेतूची आहे. सोडल्याने केवळ माझा त्रास वाचत असेल, तर तो पळ. राहिल्याने केवळ माझा मान टिकत असेल, तर ती आसक्ती.

पुढे १९७७ मध्ये निवडणूक झाली आणि हे दोघेही त्याच मतदारसंघांतून पुन्हा निवडून आले. पण हे फळ डोळ्यांपुढे ठेवून ते वागले, असे म्हणता येत नाही. निवडणूक केव्हा होईल, हेच तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते.

आपल्यासाठी

विद्यार्थी संघाचे पद साधारणपणे एका वर्षाचे असते. विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीने २००६ मध्ये सुचवले की पदाधिकारी होण्यासाठी विद्यार्थ्याला एकदाच उभे राहता यावे. पद कसे सांभाळावे याबरोबरच ते कसे परत द्यावे, याचाही धडा तरुण वयात मिळावा, हे योग्यच आहे.

आपल्यापैकी कोणी केंद्राचे काम पाहतो, कोणी हिशेब ठेवतो, कोणी सोसायटीचा सचिव असतो. वर्षातून एकदा शांत बसून स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हे काम मला कोणी आणि किती काळासाठी सोपवले? माझ्यानंतर ते करू शकेल अशा एका तरी व्यक्तीला मी तयार केले का? उद्या कोणी हे पद मागितले, तर हिशेब आणि किल्ल्या मी प्रसन्न मनाने देऊ शकेन का?

तिसऱ्या प्रश्नाला मन अडखळले, तर आपली साधना तिथूनच सुरू करावी.