येळवशीची कोप कशी बांधावी?

चालुक्यांच्या कल्याणात, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात, इ.स. ११२९च्या सुमारास तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध झाला. शंभर अध्यायांच्या या ग्रंथात राज्यकारभार आहे, हत्ती आहेत, रत्नांची पारख आहे. पण 'अन्नभोग' या भागात राजा सरळ स्वयंपाकघरात उतरतो आणि उडदाची 'इडरिका' कशी करायची हेही सांगतो. तिथून दक्षिणेला, कलबुर्गी जिल्ह्यातल्या गाणगापूरचे माहात्म्य गाणाऱ्या 'गुरुचरित्रा'चा छत्तिसावा अध्याय म्हणजे दिवसभराच्या आचाराची बारीकसारीक कृतिपुस्तिकाच. कर्ते सरस्वती गंगाधर. मराठी ही आपली बोली नव्हे, असे ते ग्रंथारंभीच सांगून टाकतात. 'अमुक कसे करावे' हे लिहिण्याची या टापूतली परंपरा अशी जुनी आहे, आणि राजाला किंवा कानडी बोलणाऱ्या मराठी कवीला विषय लहान वाटला नाही. आज मात्र शाळेत कृतिलेखनाचा तास आला की फळ्यावर बहुधा एकच ओळ उमटते: 'चहा कसा करावा'.

चहात वाईट काही नाही. अडचण एवढीच की तो सगळ्यांना येतो. वाचणाऱ्या बाईंना येतो, शेजारच्या बाकावरच्याला येतो, म्हणून लिहिणाऱ्याला कोणाला काही समजावून सांगायचे कारणच उरत नाही. मग साहित्य, कृती, टीप अशी चौकट भरली जाते आणि चाळीस वह्यांत चाळीसदा तोच चहा उकळतो. लिहिणे सुधारायचे तर सूचना देण्याआधी विषयाकडे पाहावे लागेल. माझ्या मते कृतिलेखनाचा विषय तीन गोष्टींवर पारखावा: मुलाने ते काम स्वतःच्या हाताने केलेले असावे, ज्याला ते येत नाही असा एक तरी खरा वाचक असावा, आणि ते काम बिघडू शकणारे असावे. तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. जिथे काम बिघडते तिथेच सांगण्यासारखे काही असते.

ज्वारीची भाकरीच घ्या. 'पीठ मळावे, थापावे, भाजावे' ही कृती कोणीही लिहील. पण जिने चार भाकऱ्या मोडल्या आहेत तिला ठाऊक असते की दळण जुने झाले की पिठाची विरी जाते, थापताना कडा चिरतात, आणि मग आधणाच्या पाण्यात पीठ भिजवावे लागते. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवायचे ते किती आणि कधी, उलटायची केव्हा, पदर सुटला नाही तर चूक कुठे झाली, हे सगळे तिच्या बोटांत आहे. 'विरी' हा शब्दही तिने पुस्तकातून उचललेला नाही. विषय असा निवडला की शब्द, क्रम, आणि 'नाहीतर' या शब्दाने सुरू होणारी ती मोलाची वाक्ये आपोआप येतात. बीदरचे बिदरीकाम जस्त-तांब्याच्या भांड्याला काळा रंग देते ते किल्ल्यातल्या जुन्या मातीने आणि नवसागराने. ती माती कारागीर जिभेवर ठेवून पारखतात. असले ज्ञान लिहून ठेवायला कोणीतरी 'नाहीतर काय होते?' असे विचारावे लागते. मुलालाही तेच विचारायचे.

हा विचार नवा नाही. अमेरिकेत डोनाल्ड ग्रेव्हज यांनी १९८३च्या पुस्तकात मुलांनी आपले विषय आपण निवडावेत, हे आग्रहाने मांडले; १९९२ मध्ये लुईस मोल आणि सहकाऱ्यांनी ॲरिझोनातल्या मेक्सिकन वंशाच्या घरांतले शेती, दुरुस्ती, औषधपाण्याचे ज्ञान वर्गात कसे आणता येईल ते दाखवले. सीमाभागात त्याला आणखी एक पदर आहे. १९५६ साली जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला: उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबईकडे, जहिराबाद, नारायणखेड आंध्रकडे, आणि भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूरकडे. भालकीच्या किंवा औरादच्या मराठी मुलाच्या तोंडी म्हणूनच कानडी आणि दख्खनी शब्द सहज येतात. पुण्यातला वर्ग डोळ्यांपुढे ठेवून काढलेला विषय त्याच्या हातातले आणि तोंडातले असे दोन्ही बाद करतो.

यावर आक्षेप येतील, आणि त्यातला एक खरोखर जड आहे. 'घरात काय करतोस ते लिही' म्हटले की मुलाची जात आणि गरिबी वर्गासमोर उघडी पडते. कोणाचे वडील दुसऱ्याच्या रानात सालगडी, कोणाच्या घरी चामड्याचे काम. आणि मुलींच्या वाट्याला पुन्हा चूलच. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. म्हणून प्रश्न घराचा असू नये, हाताचा असावा. 'तुमच्याकडे काय करतात' आणि 'तुला काय जमते' यांत फार अंतर आहे. दुसऱ्या प्रश्नाला पतंगाची कन्नी, सायकलची उतरलेली साखळी, आजीला मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकवणे, काहीही उत्तर चालते, आणि मनात एक विषय लपवून दुसरा सांगायची मोकळीक मुलाला राहते. भाकरी मुलग्यानेही लिहावी. जमत नसेल तर आधी शिकून मग लिहावी. उरलेले आक्षेप हलके आहेत. परीक्षेत असले विचारत नाहीत म्हणावे, तर ओळीने, न गोंधळता सांगणे कुठल्या उत्तरपत्रिकेला नको असते? बोलीमुळे भाषा बिघडेल म्हणावे, तर शिक्षकांनी 'विरी'खाली तांबडी रेघ न मारता दोन शब्दांत तिचा अर्थ मुलाकडूनच लिहून घ्यावा. 'मला काहीच येत नाही' म्हणणारे मूल मात्र प्रत्येक वर्गात असते. त्याला विषयांची यादी देऊ नये. सकाळी उठल्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत हाताने काय काय केले ते तोंडी सांगायला लावावे.

विषय मोठा निघाला तर तो कापायलाही शिकवावे लागते. कलबुर्गीची तूर प्रसिद्ध, २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण 'तुरीची शेती कशी करावी' हे पाचवीच्या मुलाच्या आवाक्यातले नव्हे. हिरव्या शेंगा मीठ घालून उकडणे हे आहे. तसेच येळवशीचे, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला शेतात साजऱ्या होणाऱ्या सणाचे. 'येळवस कशी साजरी करावी' हा निबंध होतो. 'येळवशीची कोप, म्हणजे रानातली कडब्याची खोप, कशी बांधावी' ही कृती. कडब्याच्या पेंढ्या किती, शेंडे कशाने बांधायचे, बुडखे किती फाकवायचे, वारा सुटला तर काय, चुन्याने रंगवलेले पाच पांडव आत कधी मांडायचे: ज्याने कोप कधी पाहिली नाही त्या शहरातल्या मामेभावासाठी लिहायचे म्हटले की एकेक प्रश्न आपणहून उभा राहतो.

मार्गशीर्षातली येळवस दरवर्षी येते. भालकी, औराद, आळंदच्या शिक्षकांना एवढीच विनंती: त्या अमावास्येनंतर शाळा भरेल तेव्हा फळा कोरा ठेवा, आणि कोणाची कोप पडली ते आधी विचारा.