घरी बसलो, हा त्याग झाला का? (गीता १८.८)



आज १ जुलै २०२०, आषाढी एकादशी. क्रमाने आपण सहाव्या अध्यायात आहोत, पण आज क्रम मोडून अठराव्या अध्यायातला आठवा श्लोक घेतोय. कारण शनिवारच्या झूम सत्संगात आलेला एक प्रश्न. पुण्यात शिकणारा आपला एक छोटा मित्र म्हणाला, "दादा, यंदा वारकऱ्यांनी वारी सोडली. आपण तीन महिने ऑफिस, हॉटेल, सिनेमा, देऊळ सगळं सोडलं. मग हा त्याग धरायचा का? याचं काही पुण्य असेलच ना?"

दोन-तीन जण हसले. मला तो हसण्यासारखा प्रश्न वाटला नाही. तीन महिने सगळ्यांच्याच मनात तो घोळतोय, फक्त कोणी विचारत नाही. फेसबुकवर रोज कोणीतरी लिहितं की लॉकडाऊनने मला वैराग्य शिकवलं, गरजा किती कमी आहेत ते कळलं. खरंच कळलं का?

श्लोकाचा अर्थ आधी साध्या भाषेत पाहू. एखादं कर्म त्रासाचं आहे एवढ्याच कारणाने, शरीराला कष्ट होतील या भीतीने जो ते टाकून देतो, त्याचा त्याग राजस. आणि असा त्याग करूनही त्यागाचं फळ काही त्याला मिळत नाही. याच्या आधीच्या श्लोकात मोहाने कर्तव्य टाकणाऱ्याचा तामस त्याग सांगितलाय. पुढच्यात सात्त्विक त्याग येतो, आणि तिथे गंमत अशी की तो माणूस कर्म टाकतच नाही. आपल्या वाट्याचं काम करावंच लागतं म्हणून तो करतो, टाकतो ती फक्त आसक्ती आणि फळाची आशा.

आता हा श्लोक मार्च महिन्याला लावून बघा. २४ तारखेला रात्री आठ वाजता घोषणा झाली, दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. आपण घरात बसलो ते का? खरं उत्तर द्यायचं तर भीती वाटली म्हणून. शरीराला काही होईल याची भीती. बरं, भीती नसती तरी बाहेर पोलीस होते. म्हणजे श्लोकाच्या भाषेत आपलं घरी बसणं फार तर राजस, आणि पोलिसांचा भाग धरला तर तो त्यागच नाही. ज्याला दुसरा पर्यायच नव्हता त्याने काय सोडलं? बंद दारासमोर उभ्या असलेल्या माणसाला आपण त्यागी म्हणत नाही.

वैराग्याचंही तेच. दुसऱ्या अध्यायातला एकोणसाठावा श्लोक आठवा. उपाशी माणसापासून विषय दूर जातात, पण आतली गोडी तशीच राहते. आज उपास आहे, साबुदाण्याच्या उसळीसमोर बसून हा श्लोक नीट समजतो! ४ मे रोजी दारूची दुकानं उघडली तेव्हा पुण्या-मुंबईत काय रांगा लागल्या ते सगळ्यांनी पाहिलं. चाळीस दिवसांचा निराहार होता, गोडी एका सकाळीत परत आली. आपण त्या रांगांना हसलो. पण आपलीही रांग आहेच, दुकान वेगळं एवढंच. माझ्या ओळखीत 'आता काहीच नको वाटतं' म्हणणाऱ्यांचे ऑनलाइन कार्ट भरलेले आहेत, डिलिव्हरी सुरू होण्याची वाट पाहत.

एवढं मी सत्संगात बोललो, तर माझ्याच एका इंजिनिअर मित्राने अडवलं. तो म्हणाला, "भीतीने बसला काय किंवा कर्तव्य म्हणून बसला काय, व्हायरसला काय फरक पडतो? रिझल्ट सेम आहे. मग मनात काय होतं याची एवढी चिकित्सा कशाला?"

हा आक्षेप वजनदार आहे. दोन फंक्शन आहेत, आतलं लॉजिक वेगळं, आउटपुट एकच. मग कोड रिव्ह्यूत भांडायचं कशाला? पण आपल्याला धंद्यातून माहीत आहे की नेहमीच्या इनपुटवर सारखी चालणारी दोन फंक्शन एज केसवर वेगळी वागतात. तोपर्यंत आत काय लिहिलंय ते कळत नाही. लॉकडाऊनमध्ये एज केस कुठली? मला वाटतं ती होती दाराबाहेरचा माणूस.

मी ही चर्चा पुस्तकातून करत नाहीये. मार्चपासून मी भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी आहे, लाखनी तालुक्यात. गावापासून दोन किलोमीटरवर हायवे आहे, पूर्वी सहा नंबर म्हणायचे, आता ५३. नागपूरहून निघालेला हा रस्ता भंडारा, लाखनी, साकोली, देवरी करत छत्तीसगडात शिरतो. एप्रिल-मे महिन्यात त्यावरून माणसं चालत होती. छत्तीसगडची, झारखंडची, ओडिशाची. डोक्यावर बोचकं, कडेवर पोर, पायात कधी चप्पल तर कधी नुसत्या चिंध्या गुंडाळलेल्या. आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन ज्यांनी अनुभवलं नाही त्यांना हे सांगून समजणार नाही. दुपारी डांबर मऊ पडतं. याच दिवसांत, ८ मे रोजी पहाटे, औरंगाबादजवळ करमाडला रेल्वेरुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. तेही जालन्याहून घराकडेच निघाले होते.

या माणसांचंही सगळं सुटलं होतं. काम सुटलं, खोली सुटली, शहर सुटलं. आपल्या 'कमी गरजां'च्या पोस्ट वाचताना मला त्यांची आठवण येते आणि वैराग्य हा शब्द घशात अडकतो. आपला पगार चालू होता, वायफाय चालू होतं (आमच्याकडे गच्चीवर चढल्यावर), आणि आपण त्याला संन्यासाची चव म्हणत होतो.

गावात तेव्हा दोन गट पडले होते. रस्त्यावर बांबू आडवे बांधले, बाहेरच्याला गावबंदी. ते मला चूक वाटत नाही. गावात म्हातारी माणसं आहेत, माझ्या काकांना शुगर आहे, मोठा दवाखाना लांब. पण हायवेवरच्यांना पाणी द्यायचं की नाही यावरही वाद झाला. काही जण म्हणाले, तिकडे फिरकायचंच नाही, कोणाच्या अंगात काय असेल. माझी आई चुलीपुढे बसून ऐकत होती. ती म्हणाली, "माठ ठेवून दूर उभं राहिलं तं रोग कसा येईन? तहानलेल्या माणसाले पाणी नाही म्हणाचं काय?" दुसऱ्या दिवसापासून कडुनिंबाखाली दोन माठ आणि लांब दांड्याचं ओगराळं. सकाळी भरायचे, मागे सरायचं. कोणी कोणाला शिवलं नाही. नियम एकही मोडला नाही.

मग गावचीच माणसं परत येऊ लागली. नागपूर-हैदराबादकडून बांधकामावरची, तेलंगणातून मिरची तोडून येणारी. त्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ठेवायचे. घरचे डबा आणून देत. एक जण असा होता की घरी फक्त आंधळी आजी. त्याचा डबा कोण नेणार? बांबूपाशी सर्वांत मोठ्या आवाजात पहारा देणारे त्या संध्याकाळी दिसले नाहीत. डबा नेला आमच्या भजनी मंडळाच्या बुवांनी. हे बुवा मार्चपासून पारावर पत्ते खेळायलासुद्धा आले नव्हते. दर गुरुवारचं भजन त्यांनी स्वतःहून बंद केलं, तेही देवळं बंद व्हायच्या आधी, आणि लोकांच्या शिव्या खाल्ल्या. तेच बुवा चौदा दिवस रोज संध्याकाळी शाळेच्या फाटकाजवळच्या स्टुलावर डबा ठेवायचे, दहा पावलं मागे यायचे, आणि तो पोरगा जेवेपर्यंत उभ्याने गप्पा मारायचे. पाऊस येईल का, धानाचं बियाणं कुठलं घ्यायचं, असल्या गप्पा.

पहारा देणारे आणि बुवा, दोघंही घरीच बसले होते. महिनाभर दोघांत फरक दिसत नव्हता. फरक शाळेच्या फाटकाशी दिसला. भीतीने थांबलेला माणूस तिथे पोचतच नाही, कारण त्याचं थांबणं स्वतःपुरतं होतं. दुसऱ्यासाठी थांबलेला माणूस थांबूनही वाट काढतो. दहा पावलांचं अंतर पाळून काढतो, पण काढतो.

इथे भीतीला फार झोडपायचं नाही, हेही सांगतो. कृष्ण या त्यागाला पाप म्हणत नाही, फक्त फळ मिळत नाही म्हणतो. आणि भीती आणि काळजी आपल्यात अशा कालवलेल्या असतात की वेगळ्या काढणं कठीण. काकांच्या शुगरची मला काळजी आहे की मला स्वतःला घाबरायचं आहे आणि काका हे चांगलं कारण आहे? दोन्ही असेल. म्हणून मनात डोकावून 'मी सात्त्विक का राजस' असं तपासत बसण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. मन वकिलासारखं आहे, हवा तो निकाल काढून देतं. बाहेर पाहणं सोपं.

शहरातल्यांसाठी एक उदाहरण देतो. आमच्या पुण्याच्या फ्लॅटवर चौघं राहतो. धुणंभांडी करणाऱ्या मावशींना मार्चमध्येच येऊ नका म्हटलं. योग्यच होतं. मग एप्रिलच्या पगाराचा विषय निघाला. एक जण म्हणाला, काम नाही तर पैसे कसले, आपल्याही इन्क्रिमेंटचं काही खरं नाही. अर्धा तास कॉलवर भांडण झालं. शेवटी पूर्ण पगार पाठवायचं ठरलं, जूनपर्यंत पाठवला. मावशींना 'येऊ नका' सांगणं हा कोणीही घेईल असा निर्णय. तो आपल्याला वाचवायला घेतला की त्यांनाही, हे त्या मेसेजमध्ये दिसत नाही. एक तारखेच्या ट्रान्सफरमध्ये दिसतं.

आणि हे 'घरी बसणं' म्हणजेच धर्म असंही नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी गावाबाहेर रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्यातल्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं, त्यात त्यांनाच लागण झाली, आणि १० मार्चला त्या गेल्या. त्यांच्या तोंडी गीता नव्हती, आणि आपण ती त्यांच्यावर चिकटवू नये. पण शरीराच्या कष्टाच्या भीतीने काम टाकू नका, हे ज्यांना कळत नसेल त्यांनी हे चरित्र वाचावं. त्या वेळी त्यांच्या वाट्याचं काम पाठीवर घेऊन चालण्याचं होतं. आज नर्स, सफाई कामगार, आशाताई यांच्या वाट्याचं तसंच आहे. बुवांच्या वाट्याचं भजन बंद करण्याचं होतं आणि डबा नेण्याचंही.

आता वारीकडे येतो, कारण प्रश्न तिथून निघाला होता. यंदा देहूहून १२ जूनला आणि आळंदीहून १३ जूनला प्रस्थान झालं, मोजक्या लोकांत, आणि पादुका देवळातच राहिल्या. काल एसटीने पंढरपूरला गेल्या. आपल्या विदर्भातली कौंडण्यपूरची रुक्मिणीमातेची पालखीही तशीच. टीव्हीवर फुलांनी सजवलेली एसटी पाहताना आई रडली. रडणं मी समजू शकतो. पण हा त्याग आहे का, यावर माझं उत्तर सरळ नाही. तुम्ही-आम्ही जे टीव्हीसमोर बसलो, ज्यांनी वारी कधी केलीच नाही, त्यांनी काहीही सोडलं नाही. जो गडी तीस वर्षं दर आषाढात चालतोय, ज्याचे पाय आज सवयीने वळवळत असतील, त्याचं वेगळं. आणि संस्थानांचं वेगळं, कारण त्यांच्या हातात थोडा तरी निर्णय होता. बैठकीत अडून बसता आलं असतं, श्रद्धेचा प्रश्न करता आला असता. वाटेवरच्या शेकडो गावांना आजार द्यायचा नाही म्हणून त्यांनी मान्य केलं. वारी चालली नाही आणि वारीचं काम झालं, असं मला त्याबद्दल वाटतं. हा नववा श्लोक.

छोट्या मित्रा, तुला म्हणून सांगतो. पुण्याचा हिशोब मला करता येत नाही, तो माझा विभाग नाही. पण बंद असलेल्या गोष्टींची यादी करून तू विचारलंस. यादी उलटी करून बघ. या तीन महिन्यांत बंद नव्हतं काय? फोन बंद नव्हता. हॉस्टेलवर अडकलेला ईशान्येकडचा मुलगा तुझ्या शेजारच्या खोलीत होता, तूच सांगितलं होतंस, त्याला लोक रस्त्यावर 'कोरोना' म्हणून हाका मारत होते. तेव्हा तू त्याच्याबरोबर दुकानात गेला होतास. ते तू शनिवारी यादीत धरलंच नाहीस.

इथे सकाळपासून झिमझिम चालू आहे. पऱ्हे हिरवेगार झालेत, रोवणी तोंडावर आली. चिखलात बायका ओळीने वाकतात, त्यात सहा फुटांचं अंतर कसं पाळायचं यावर काल ग्रामपंचायतीत बरंच बोलणं झालं. एका बांधीत निम्म्याच बायका आणि मजुरी मात्र तेवढीच ठेवायची, असं सध्या ठरतंय. धान उशिरा लागेल याची कुरकुर आहेच. माझा चारचा कॉल आहे, गच्चीवर छत्री घेऊन बसावं लागणार.

उद्या १८.९ सविस्तर घेऊ. मग परत सहाव्या अध्यायाकडे.

राम कृष्ण हरी.