शेकडा, पण कशाचे?

मराठी शाळेत अंकगणित शिकलेल्या माणसाला ‘कंचेभागुबेव’ हा विचित्र शब्द सहसा विसरता येत नाही. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. पदावली सोडवताना कोणती क्रिया आधी आणि कोणती नंतर, याची ही खूणगाठ. त्यातल्या दुसऱ्या अक्षराकडे मात्र आपण कधी थांबून पाहत नाही. ‘चे’ हा खरे तर व्याकरणातला षष्ठीचा प्रत्यय. तो गणिताच्या सूत्रात येऊन बसला, तोही भागाकार-गुणाकाराच्याही आधी, कंसाच्या अगदी पाठीला पाठ लावून. ‘शंभर भागिले वीसचे अर्धे’ या वाक्यात ‘चे’ आधी सोडवला तर उत्तर दहा येते. भागाकार आधी केला तर अडीच. कोण कोणाचे, हे ठरल्याशिवाय पुढचा हिशेब सुरूच होत नाही, असे हे सूत्र सांगते. मला वाटते, व्यवहारातल्या प्रामाणिकपणाचाही पहिला नियम हाच आहे.

आपल्या सीमाभागात, आणि हैदराबादेत तर विशेषच, एकाच घरात दोन-तीन भाषा नांदतात. आजोबा ‘शेकडा’ म्हणत, बाजारात ‘फीसदी’ कानी पडते, शेजारचे तेलुगू कुटुंब ‘नूटिकि’ म्हणते. तिन्ही शब्दांचा अर्थ एकच, शंभराला. पण शंभर कोणते, हे या तिन्हींपैकी एकही शब्द सांगत नाही. टक्का हा असा पाहुणा आहे की, तो कोणाच्या घरचा हे विचारल्यावाचून त्याला आत घेऊ नये.

निजामाच्या राज्यातील लोकांना हे फार जवळून ठाऊक होते. तिथे हाली सिक्का चाले आणि इंग्रजी अमलातला रुपया ‘कलदार’ म्हणून ओळखला जाई. राज्य भारतात आल्यानंतर, १९५० साली भारतीय चलन तिथे लागू झाले, तेव्हा विनिमयाचा दर होता सात हालीला सहा भारतीय रुपये. आता हेच नाते टक्क्यांत सांगून पाहा. भारतीय रुपया हालीपेक्षा १६ पूर्णांक २/३ टक्क्यांनी भारी. मग हाली रुपया भारतीय रुपयापेक्षा तितक्याच टक्क्यांनी हलका म्हणावा काय? नाही. तो १४ पूर्णांक २/७ टक्क्यांनीच हलका. पहिल्या वाक्यात शंभर हालीचे आहेत, दुसऱ्यात शंभर भारतीय रुपयाचे. ज्याच्या गाठीला सातशे हाली आहेत त्याला सहाशे मिळायला हवेत. पण कोणी ‘सोळा पूर्णांक दोन तृतीयांश टक्क्यांचा फरक आहे’ असे म्हणून तेवढेच टक्के सातशेतून वजा केले, तर हातावर पडतात ५८३ रुपये आणि वर काही पैसे. दर खरा, टक्का खरा, वजाबाकीही बिनचूक. चुकला तो फक्त ‘चे’. आणि पावणेसतरा रुपयांच्या आसपासची रक्कम गरिबाच्या पदरातून निसटली, तीही एकही आकडा खोटा न लिहिता.

नीतीचा प्रश्न इथेच उभा राहतो. प्रत्येक पायरी बरोबर असूनही हिशेब अन्यायाचा होऊ शकतो काय? होतो, आणि कर्जखतांच्या जगात तो पूर्वापार होत आला आहे. व्याजाचा दर सांगायला ‘दसादशे’ हा आपला जुना शब्द किती चोख! दर साल, दर शेकडा. मुदतही सांगितली, पायाही सांगितला. धर्मशास्त्राने दामदुपटीचा नियम घालून ठेवला, की एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये. पण मुद्दल कोणते? शंभर रुपयांवर दसादशे चोवीसने तीन वर्षांचे सरळ व्याज ७२ होते, देणे १७२. तेच सावकाराने दरवर्षी नवे खत करून घेतले, आधीचे व्याज मुद्दलाच्या कंसात ढकलले, तर देणे १९० रुपये ६६ पैसे. दर तोच, वर्षे तीच. फरक केवळ कंसाचा. शिवाय दामदुपटीची मर्यादा आता शंभरावर नव्हे, फुगलेल्या मुद्दलावर मोजली जाणार. नियम कागदावर अभंग राहतो आणि कुळ मात्र बुडते.

हे केवळ सावकारच करतो असे समजून आपण निर्धास्त राहू नये. आपल्या घरांतही कंस असतात. समजा, दहा लाखांची मालमत्ता आणि दोन लाखांचे कर्ज मागे ठेवून एक गृहस्थ गेले. ‘मुलीला चाळीस टक्के द्यावे’ एवढेच त्यांनी लिहून ठेवले. आधी कर्ज फेडून उरलेल्याचे चाळीस टक्के धरले तर मुलीला तीन लाख वीस हजार. सगळ्याचे चाळीस टक्के धरून कर्ज एकट्या भावावर टाकले तर तिला चार लाख. आणि सगळ्याचे चाळीस टक्के काढून त्यातूनच सगळे कर्ज वजा केले, तर दोन लाख. तिन्ही ठिकाणी चाळीस टक्के शाबूत आहेत! बापाच्या मनातला कंस कागदावर उतरला नाही, म्हणून बहीण-भावांची तोंडे दोन दिशांना झाली. अशा वेळी आपण ‘पैशाचे भांडण’ म्हणतो. पुष्कळदा ते एका न लिहिलेल्या कंसाचे असते.

घराचे तेच राज्याचे. २ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशाची दोन राज्ये झाली. पुनर्रचनेच्या कायद्यात लोकसंख्येचे प्रमाण दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत ठरलेले होते, ५८.३२ आणि ४१.६८. आकड्यांत शंका नव्हती. तरी हैदराबादेतील संस्थांच्या मालमत्तेवरून वाद वर्षानुवर्षे चालला, कारण हे प्रमाण कशाला लावायचे, हा प्रश्न मागे राहिला. ‘मुख्यालय’ म्हणजे फक्त कचेरीची इमारत, की संस्थेची शहरातली सगळी मिळकत? आकडे नेमके असले की वाद मिटतो, अशी आपली भाबडी समजूत असते. कंस संदिग्ध असेल तर आकडे जितके नेमके, तितके भांडण धारदार.

कोणी म्हणेल, हा क्रम तरी कुठे ईश्वराने घालून दिला आहे? गुणाकार बेरजेच्या आधी, हा माणसांचाच संकेत. साध्या गणकयंत्रावर दोन अधिक तीन गुणिले चार ओळीने दाबत गेलात तर वीस येतात. शास्त्रीय गणकयंत्र चौदा दाखवते. दोन्ही यंत्रे निष्पाप आहेत, त्यांचे संकेत वेगळे. आक्षेप खरा आहे, पण त्यातून सूट मिळत नाही, जबाबदारीच वाढते. रस्त्याच्या डावीकडून चालावे हाही संकेतच, तरी तो मनाला येईल तसा मोडणारा निर्दोष ठरत नाही. संकेत माणसांनी केलेला आहे म्हणूनच तो दोघांना ठाऊक असला पाहिजे. एकाने एका क्रमाने बोलायचे आणि दुसऱ्याच क्रमाने वसूल करायचे, हे असत्यच आहे, मग त्यात एकही खोटा शब्द नसो.

आणि कंस घालण्याचा भार दोघांवर सारखा नसतो. ज्याच्या हातात लेखणी आहे, जो खत लिहितो, पगारपत्रक काढतो, मृत्युपत्राचा मसुदा करतो, सवलतीची पाटी रंगवतो, त्याच्यावर तो अधिक असतो. समोरचा माणूस फक्त टक्का ऐकत असतो, आणि पुष्कळदा तोही परक्या भाषेत. द्विभाषिक मुलखात हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला कळावे? अंगठा उठवणाऱ्याने विचारले नाही, ही सबब लिहिणाऱ्याच्या कामाची नाही.

म्हणून मुलांना शेकडेवारी शिकवताना उत्तर तपासण्याआधी एक प्रश्न विचारावा, ‘कशाचे?’ पुढे हीच मुले देण्याघेण्याला बसतील, वाटण्या करतील, कदाचित कायदेही लिहितील. त्या वेळी सूत्रातले बाकीचे विसरले तरी चालेल, गणकयंत्र आहेच. ‘चे’ मात्र यंत्र सांगत नाही. तो ज्याचा त्यानेच बोलून दाखवायचा असतो.