हा पिक्चर कुणाला दाखवायचा?

चांगल्या मराठी चित्रपटांना प्रेक्षक मिळत नाहीत, ही तक्रार मी अनेक वर्षं मनापासून करत आलो आहे. शिवाजी लोटन पाटील यांच्या 'धग'ला २०१२ सालचं दिग्दर्शनाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं आणि त्यातल्या भूमिकेसाठी उषा जाधव यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं. मिताली जगताप यांना 'बाबू बँड बाजा'साठी हाच मान त्याआधी मिळाला होता. मकरंद माने यांच्या 'रिंगण'मध्ये कर्जाने वाकलेला बाप आणि आई देवाघरी गेली म्हणून तिला शोधू पाहणारा मुलगा आहे. ही नावं घेतली की समोरचा बहुतेक वेळा कोऱ्या चेहऱ्याने पाहतो. मग थिएटर, वितरक, टीव्ही यांना दोष देऊन विषय संपतो. दोष त्यांचा आहेही. पण ही तक्रार बीडमध्ये राहून करायची, तर एक प्रश्न आधी स्वतःला विचारावा लागतो. प्रेक्षक मिळायला हवेत असं मी म्हणतो तेव्हा माझ्या मनात कोण असतं?

हा प्रश्न मला अनंत महादेवन यांच्या 'बिटरस्वीट'मुळे पडला. 'मी सिंधुताई सपकाळ' करणाऱ्या या दिग्दर्शकाने २०२० मध्ये केलेला हा चित्रपट आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांवर आहे. अक्षया गुरव यांनी त्यात सगुणा नावाच्या तरुण मुलीचं काम केलं आहे. चित्रपट दक्षिण कोरियातल्या बुसानच्या महोत्सवात दाखवला गेला. शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी इथल्या ज्या घरांतून सगुणा आली, त्या घरांत मात्र त्याचं नावही माहीत नाही.

त्या घरांचं गणित इथे कुणाला सांगावं लागत नाही. पाऊस दगा देतो, मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि दिवाळीच्या सुमाराला टोळ्या कोल्हापूर-सांगलीकडे, कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस काम चुकलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीच्या हिशेबात चढतात. बाई पहाटेपासून फडात वाकते, मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढते. राहायला कोपी, आडोसा नाही, पाणी नाही. पाळीच्या दिवसांत त्रास झाला तरी थांबता येत नाही. अंगावर काढलेलं दुखणं पुढे डॉक्टरकडे जातं आणि तिथे सांगितलं जातं, पिशवी काढून टाका.

२०१९ मध्ये या प्रकाराला वाचा फुटली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. त्यानंतर खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली.

मराठी चित्रपटाने साखर पाहिली नव्हती असं नाही. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला 'सामना' सत्तरच्या दशकातच आला. निळू फुल्यांचा हिंदूराव धोंडे पाटील म्हणजे सहकारातल्या सत्तेचा चेहरा आहे. तो चित्रपट मोठाच आहे. पण तो खुर्चीच्या बाजूने साखरेकडे पाहतो. फडात वाकलेल्या बाईला मुख्य पात्र व्हायला त्यानंतर चार दशकांहून जास्त काळ लागला. म्हणून 'बिटरस्वीट' मला महत्त्वाचा वाटतो आणि तो सगळीकडे पोचावा असं वाटतं.

आता या 'वाटण्या'ची झडती.

पहिली गोष्ट अवघड आहे. बाहेरगावच्या माणसासमोर हा विषय निघाला की मला आत कुठेतरी टोचतं. बीड म्हटलं की दुष्काळ, स्त्रीभ्रूणहत्या, गुन्हेगारी. त्यात आणखी एक भर. 'जिल्ह्याची बदनामी' हे वाक्य मी उच्चारत नाही, पण ती टोचणी त्याच जातीची आहे. अंबाजोगाईला मुकुंदराज आणि दासोपंत आहेत, परळीला वैजनाथ आहे, हे सांगायची घाई मला का होते? ज्या बाईचं शरीर हिशेबात धरलं गेलं तिच्यापेक्षा जिल्ह्याच्या नावाची काळजी मोठी ठरत असेल, तर तो अभिमान राखण्याजोगा नाही. बदनामी घडणाऱ्या गोष्टीने होते, ती दाखवणाऱ्याने नाही.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. कमी लोकांनी पाहिलेला चित्रपट आपण पाहिला आहे, यात एक सुख असतं. त्या सुखाला दुःखाचा विषय मिळाला की ते करुणेसारखं दिसू लागतं. डोळे ओलावतात, माणूस स्वतःला संवेदनशील समजतो, आणि सकाळी चहात साखर घालताना ती कुठून आली हे आठवत नाही. मला या दोन भावना एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या करता येत नाहीत. त्यांची खरी परीक्षा पिक्चर संपल्यावर मी काय करतो यात आहे, एवढं मात्र कळतं.

तिसरी गोष्ट प्रेक्षकाची. पुण्या-मुंबईच्या महोत्सवात हा चित्रपट पाहून कुणी हळहळलं, तर ते चांगलंच. पण त्याचा पहिला हक्क त्या मुलीचा आहे, जी यंदा लग्न होऊन पहिल्यांदा फडावर जाणार आहे. कोयता पूर्ण व्हावा म्हणून जिचं लग्न लवकर उरकलं जातं, तिचा. तिच्या आईचा आणि बापाचाही. पिशवी काढल्यावर सगळं दुखणं थांबतं, असं तिला सांगितलं जाईल. कमी वयात ही शस्त्रक्रिया झाली, त्यातही अंडाशयं काढली गेली, तर हाडं ठिसूळ होतात आणि शरीराचं म्हातारपण लवकर सुरू होतं, हे तिला शस्त्रक्रियेच्या आधी कळायला हवं.

तो प्रेक्षक गाठणं अशक्य नाही. हंगाम संपला, पट्टा पडला की माणसं गावी परततात आणि दिवाळीपर्यंत गावात असतात. जत्रेत तंबू ठोकून पिक्चर दाखवणाऱ्या टुरिंग टॉकीज या महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्या आहेत. शाळेचं पटांगण, एक पडदा, एक प्रोजेक्टर आणि रीतसर घेतलेली परवानगी, एवढ्यावर खेळ होऊ शकतो.

पण इथे सदसद्विवेकबुद्धी पुन्हा अडवते. त्या पटांगणात पिशवी काढलेल्या बायका बसलेल्या असतील. शेजारी सासू, मागे दीर, कडेला मुकादम. आपल्या अंगावर झालेली गोष्ट चारचौघांत पडद्यावर पाहणं हा मोकळेपणा ठरेल की नवा छळ? मी पुरुष आहे, मी कधी कोयता हाती धरलेला नाही. हा निर्णय माझा नाही. गावच्या आशा सेविकांनी, गावातल्या बायकांनी तो आधी पाहावा आणि त्यांनी ठरवावं: खेळ फक्त बायकांचा ठेवायचा का, चर्चा कुणी चालवायची, नर्सबाईंना बोलवायचं का. त्यांनी 'नको' म्हटलं, तर तेही उत्तर मानायचं.

आणखी एक शक्यता आहे. पाहून झाल्यावर एखादी म्हणेल, "असं नसतं बाई, सिनेमावाल्यांना काय ठाव." ती चुका काढेल, बोली, हातातला कोयता, मोळी बांधायची पद्धत. तेव्हा चित्रपटाची बाजू घ्यायला मी पुढे सरसावलो, तर माझं प्रेम चित्रपटावर होतं, तिच्यावर नव्हतं. तिचं ऐकलं, तर त्या चित्रपटाला त्याचा सगळ्यांत जाणकार समीक्षक मिळेल आणि कदाचित पुढची गोष्ट तीच सांगेल.

दुर्लक्षित चित्रपटांसाठी मी बोलतच राहणार आहे, कारण ते दिसले पाहिजेत. पण 'लोकांनी हे पाहायला हवं' असं म्हणताना त्या लोकांत फडावरची बाई पहिली धरायची, आणि तिने पाहून जे म्हटलं ते पुरतं ऐकून घ्यायचं. एवढी तयारी असेल, तरच ते वाक्य माझ्या तोंडी शोभेल.