आवाहन आणि विसर्जन

भयाची गोडी मनुष्यास प्राचीन काळापासून आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात जे आठ रस गणले, त्यांत शृंगार व वीर यांच्या पंक्तीस भयानक आणि बीभत्स यांनाही बसविले आहे. तेव्हा लोक भीतिदायक चित्रपट का पाहतात, हा प्रश्न नवा नव्हे. परंतु भय वाटावे ते वाघाचे वा राक्षसाचे. मुलाच्या उशाशी निजणाऱ्या बाहुल्याचे भय का वाटावे, आणि ते वाटत असूनही तो बाहुला प्रिय का व्हावा, हे मात्र विचार करण्याजोगे आहे.

मराठीत याचे ठळक उदाहरण म्हणजे महेश कोठारे यांचा १९९३ सालचा 'झपाटलेला' हा चित्रपट. तात्या विंचू नावाचा गुंड एका मांत्रिकाकडून मृत्युंजय मंत्र हस्तगत करतो आणि पोलिसांच्या गोळीने मरता मरता आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो. तो बाहुला लक्ष्या या भाबड्या तरुणाकडे येतो, आणि मग तात्याला लक्ष्याचेच शरीर हवेसे होते. तात्याची भूमिका दिलीप प्रभावळकरांची, लक्ष्याची लक्ष्मीकांत बेर्डे यांची. बाहुल्याची करामत रामदास पाध्ये यांची. कल्पनेचे मूळ टॉम हॉलंड यांच्या १९८८ सालच्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकन चित्रपटात आहे. तथापि येथील प्रेक्षकांनी तात्याला आपलाच मानले, आणि २०१३ साली त्याचा दुसरा भागही निघाला.

देवळाशी नाते असलेल्या वाचकांस येथे एक गोष्ट खटकेल. मृत्युंजय मंत्र खुन्याच्या तोंडी यावा, ही त्या नावाची विटंबना नव्हे काय? आक्षेप हलका नाही. परंतु ज्या ऋचेला आपण महामृत्युंजय म्हणतो, ती ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील ऋचा काय मागते ते पाहावे. देह कधी सुटू नये असे ती मागत नाही. पिकलेली काकडी देठापासून जशी अलगद सुटते, तसे मृत्यूच्या बंधनातून सुटावे, अशी तिची याचना आहे. तात्याला नेमके उलट हवे आहे. त्याला देठ सोडावयाचाच नाही. एक वेल तुटला तर दुसऱ्यास चिकटावयाचे आहे. मंत्राचे नाव तेच, मागणे विपरीत. म्हणून ही कथा आम्हांस त्या प्रार्थनेची थट्टा वाटत नाही. ती न समजणाऱ्याची काय गत होते, याचेच ते चित्र वाटते.

जड वस्तूत प्राण कल्पिणे हे आम्हांस परके नाही. भाद्रपद चतुर्थीस आपण मातीच्या मूर्तीत प्राणप्रतिष्ठा करतो. परंतु त्याच विधीच्या अखेरीस उत्तरपूजा आणि विसर्जन आहे. देवळातील अचल मूर्तीचेही तसेच. जीर्णोद्धाराच्या वेळी तिच्यातील देवत्व विधिपूर्वक कलशात घेतात, आणि मगच जुनी मूर्ती हलवितात. बोलावण्याचा मंत्र ज्यांनी सांगितला, त्यांनी निरोपाचाही सांगून ठेवला.

हे समजण्यास ग्रंथच उघडले पाहिजेत असे नाही. आमच्या सिल्वासातील आदिवासी संग्रहालयात मुखवटे मांडलेले आहेत. या भागातील कोकणा समाजाच्या भवाड्यात असे मुखवटे चढवून नाचणारे देवदानवांची रूपे घेतात. रात्र सरली की मुखवटा उतरतो आणि नाचणारा आपल्या शेतावर जातो. भातुकली खेळणारी मुलगीही हेच करते. बाहुलीला ती भरविते, निजविते, तिचे लग्न लावते. आणि हाक आली की सारा संसार पेटीत आवरून जेवावयास उठते. पेटीत परत जाण्यास नकार देणारे खेळणे, हेच तात्या विंचूच्या भयाचे खरे स्वरूप होय. त्याच्यापाशी आवाहन आहे, विसर्जन नाही.

मग तो प्रिय का व्हावा? आमच्या मते, आपण त्याला ओळखतो म्हणून. जगण्याला चिकटून राहण्याच्या वृत्तीस पतंजलींनी अभिनिवेश म्हटले, आणि ती विद्वानांतही असते असे बजावले. ही वृत्ती मोठ्या देहात असली की तिला कर्तृत्व, जबाबदारी, निष्ठा अशी भारदस्त नावे मिळतात. वीतभर हातांच्या बाहुल्यात ती घातली की नावे गळतात आणि केवळ हट्ट उरतो. त्याची गुरगुर ऐकून आपण हसतो, आणि हसता हसता मनात कोठेतरी चपापतो.

कारण दुसऱ्याच्या देहात शिरून जगू पाहणारे सारेच मांत्रिक नसतात. आपले अपुरे राहिलेले आयुष्य मुलाच्या आयुष्यात पुरे करून घेणारा बाप, सुनेच्या हाती किल्ल्या दिल्यावरही कपाटापाशी उभी राहणारी सासू, मुदत संपल्यावरही देवस्थानाचा कारभार न सोडणारा कारभारी, या साऱ्यांना लक्ष्याचा देह हवा असतो. त्यांचा हेतू तात्यासारखा दुष्ट नसतो, बहुधा प्रेमाचाच असतो. परंतु ज्याच्या देहावर ते हक्क सांगतात, त्याला जागा उरत नाही, हा परिणाम मात्र टळत नाही.

लहान मुलांना असले चित्रपट केव्हा दाखवावेत, हे आईबापांनी मुलाचे वय आणि धीर पाहून ठरवावे. मोठ्यांनी मात्र ते पाहण्यात कमीपणा मानू नये. दरवर्षी मूर्ती पाण्यात सोडताना आपले डोळे भरतात, तरी हात ती सोडतात. हा अभ्यास आपल्याकडून वर्षानुवर्षे करून घेतला जातो. तो केवळ मातीच्या मूर्तीपुरता राहू नये, एवढेच आम्हांस सुचवावयाचे आहे.